टेक्याचं लाकूड

आमच्या आज्याजवळ ठासणीची एक बंदूक होती. तशी बंदूक सातपुड्याच्या पायथ्याला आणखी दहा-पाच जणांकडे असेल. पण आज्याजवळ सात दुबेळकी होती, आणि तशी कोणाकडेच नव्हती. ओसरीच्या कोपऱ्यात, वखराच्या पासेशेजारी ती उंचीप्रमाणे उभी करून ठेवलेली असत. नव्या पाहुण्याला वाटायचं, म्हाताऱ्यानं मांडवाचं सामान जमा केलंय. ज्यांना ठाऊक होतं ते हसायचे. "पाटलाले बंदुकीपक्षा काडीचाच लळा जास्त," असं गावात म्हणत.

दुबेळकं म्हणजे टोकाला दोन फाटे फुटलेली काठी. गोठ्याच्या आढ्याखाली देतात ते जाड, मांडीएवढं. आज्याची दुबेळकी मनगटाएवढी होती. बंदूक त्या फाट्यात टेकवायची आणि नेम धरायचा. बस एवढंच. पण ही एवढीशी गोष्ट आजा किती बारकाईनं पाहायचा ते मी लहानपणापासून पाहिलं, आणि त्यातलं बरंचसं पुढे कामाला आलं म्हणून लिहितो आहे.

आमचं गाव संग्रामपूर तालुक्यात. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णेकडे उतरत जाणारी काळी जमीन. डोंगर आणि काळवट जिथं भेटतात तिथं आमची वावरं. त्यामुळे डोंगरातलं जनावर खाली उतरलं की पहिल्यांदा आमच्याकडेच जेवायचं. रोही कोवळे शेंडे खुडतात, हरणं हरभरा चरतात, पण त्यांचं खाणं समजण्यासारखं आहे. रानडुकराचं तसं नाही. ते एक कणीस खाण्यासाठी दहा ताटं मोडतं आणि भुईमुगात शिरलं तर नांगर हाकल्यासारखी जमीन करून जातं. ज्वारी हुरड्यात आली की रात्रीची जागल सुरू व्हायची ती तूर घरात येईपर्यंत. पीकसंरक्षणाचा परवाना आज्याच्या नावावर होता. शौक म्हणून त्यानं कधी बंदूक उचलली नाही.

त्याचा एक नियम होता. टेका नाही, तर बार नाही. समोर जनावर कितीही आडवं उभं राहो, बंदूक टेकवायला जागा नसेल तर तो हाकारा करून त्याला पळवून लावायचा. आरोळी मारायची, डबा वाजवायचा. लोक म्हणायचे, भेतो. तो म्हणायचा, "भेतोच. जखमी डुकराले भेतो."

ठासणीच्या बंदुकीत एकच बार असतो. नळीत दारू ओतायची, चिंधीचा बोळा, मग गोळी, पुन्हा बोळा, हे सगळं गजानं ठासायचं आणि मागं टोपी बसवायची. अंधारात हे दुसऱ्यांदा करेपर्यंत डुक्कर एक तर नाल्यापलीकडे असतं नाही तर तुमच्या अंगावर. त्यातही घोडा पडला, टोपी फुटली, की मग आतली दारू पेट घेते. त्याला एक निमिष लागतं, आणि त्या निमिषात हात हलला की नेम गेला. आजा मला ज्वारीचा दाणा दाखवून सांगायचा, की नळीचं तोंड एवढं हललं तर साठ पावलांवर गोळी वीतभर सरकते. मी मोठेपणी कागदावर हिशोब करून पाहिला. बरोबर निघाला. डुकराच्या पुढच्या पायामागचं काळीज आणि त्याचं पोट यांत तेवढंच अंतर असतं. काळजात लागलं तर ते वीस पावलांत पडतं. पोटात लागलं तर रात्रभर जगतं, आणि सकाळी कोणाला तरी भेटतं.

"तुह्या काळजाचे ठोके गोळीले सांगू नोको, बापू," असं तो म्हणायचा. श्वास, नाडी, थंडीचं कापरं, सगळं हातातून बंदुकीत जातं. काठी जमिनीत रोवलेली असते, तिला नाडी नाही.

लाकूड आणायला तो माघ-फाल्गुनात जायचा. पानं झडली की झाडांचे फाटे उघडे दिसतात, म्हणून. बरोबर आमचा सालदार. तो निहाल होता, जळगाव जामोदकडच्या डोंगरातला. त्याला झाडांची जी माहिती होती ती आज्यालाही नव्हती, आणि आजा हे मोकळेपणानं मान्य करायचा. दोघांचं लाकडावरून भांडण चालायचं. सालदाराला धामण आवडायची, कारण हलकी आणि चिवट. आजा म्हणायचा, धामण कावडीला, टेक्याला नाही, ती लवते. तिवसाचा फाटा सगळ्यांत पक्का, पण मनासारखा कोन मिळत नाही. सालई मोडते. बांबूला फाटाच नाही, आणि दगडाला लागला की वाजतो. शेवटी उंच काठीसाठी तिवस आणि बुटकीसाठी बोर, यावर दोघांचं जमलं. बोरीचे काटे काढताना हात रक्ताळायचे, पण तिचा फाटा वर्षानुवर्षं चिरत नाही.

कोन कसा हवा? आजा पहिली दोन बोटं सैल पसरून दाखवायचा. त्याहून अरुंद फाट्यात बंदूक अडकते, जनावर दोन पावलं पुढे गेलं तर नळी त्याच्यामागे फिरत नाही. त्याहून रुंद असेल तर ती आत लोळते. साल काढायची नाही, सोललेलं लाकूड चांदण्यात चमकतं. फाट्यात जुन्या धोतराची पट्टी गुंडाळायची. आणि तरीही बंदूक थेट लाकडावर ठेवायची नाही. डाव्या हातानं फाटा धरायचा, त्या मुठीवर बंदूक ठेवायची. कडक वस्तूवर टेकवलेली बंदूक बार होताच वर उडते आणि गोळी डोक्यावरून जाते. हात मध्ये असला की ती बसून राहते.

सात काठ्या का, तर माणूस सात प्रकारे बसतो म्हणून, असं तो गमतीत म्हणायचा. खरं कारण जमीन होती. भाद्रपदात काळी माती लोण्यासारखी असते. टोकदार काठी बसल्या बसल्या चार बोटं खाली जाते आणि नेम जमिनीत. त्या दिवसांसाठी काठीचं बूड रुंद, बोथट. हिवाळ्यात त्याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, बूड भेगेत गेलं की टेका तिरका. डोंगराकडच्या मुरमाड वावरात मात्र टोक काढलेली काठीच हवी, बोथट घसरते. उंचीचं म्हणाल, तर बसून मान न वाकवता गाल बंदुकीच्या दस्त्याला लागला पाहिजे. "टेक्यानं तुह्याजोळ याव. तू टेक्याजोळ वाकशीन तं घडीभरात मान दुखते, अन् मंग तू घाई करतं."

अंधारात नळीच्या टोकावरची माशी दिसत नाही. तिला तो चंचीतला चुना लावायचा. कधी कापसाची बोटभर पेळू बांधायचा. चांदण्यात तो पांढरा ठिपका पुरेसा होता.

आता माळ्याबद्दल. शहरातल्या माणसाला वाटतं, माळ्यावर बसलं, समोरच्या आडव्या लाकडावर बंदूक ठेवली, झालं. माळा म्हणजे चार खांबांवर बांधलेली खाट. त्यावर कूस बदलली तरी सगळा माळा डुलतो, वारा सुटला तर आणखी. त्या आडव्या लाकडावर टेकवलेली बंदूक म्हणजे झोक्यात बसून सुईत दोरा ओवणं. पण माळ्याचा एक गुण असा की बार खाली जातो. चुकला तरी गोळी मातीत शिरते, दूर कोणाच्या झोपडीपर्यंत जात नाही. म्हणून आज्याला माळा सोडायचा नव्हता, आणि हलणाऱ्या माळ्यावर टेकाही घ्यायचा नव्हता.

त्यानं यावर उपाय काढला तो मला अजून त्याच्या सगळ्या काठ्यांपेक्षा शहाणपणाचा वाटतो. माळ्यापुढे एक वेगळा खांब दोन हात खोल रोवायचा, त्याचं दुबेळकं बरोबर बसणाऱ्याच्या छातीएवढ्या उंचीवर येईल असा. त्या खांबाचा माळ्याला कुठंही स्पर्श होऊ द्यायचा नाही, मध्ये चार बोटं फट. माणूस हलला, माळा हलला, तरी खांब आपला जमिनीचा. नवा माळा बांधला की आजा त्या फटीतून काठी वरखाली फिरवून पाहायचा, कुठं वेल अडकलाय का, दोर लागतोय का. माणूस पावसात उभा आणि हा फट तपासतोय.

दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर बंदूक ठेवायला आमच्याकडे सक्त मनाई होती. कानाजवळ बार झाला तर माणूस बहिरा होतो, आणि टोपीतून ठिणगी उडते ती वेगळीच.

पुढे वाचनात आलं, की ही कला काही एकट्या आज्याची नव्हे. युरोपात तीन-चारशे वर्षांपूर्वी जड बंदुका घेऊन लढणारे शिपाई टोकाला फाटा असलेली काठी बरोबर बाळगत. तिबेटातले शिकारी तर बंदुकीलाच दोन शिंगांचे पाय जोडत, हवे तेव्हा खाली सोडायचे. आणि जिम कॉर्बेटनं 11 एप्रिल 1930 ला चौगढची नरभक्षक वाघीण मारली ती एका हातानं, कारण दुसऱ्या हातात त्यानं पक्ष्याची अंडी जपून धरली होती. ही गोष्ट मी आज्याला सांगायला हवी होती. पण त्याचं उत्तरही मला ठाऊक आहे. वाघीण आठ फुटांवर होती. आठ फुटांवर टेका लागत नाही.

हे मला ठाऊक आहे याचं कारण 1969 सालच्या मार्गशीर्षातलं आहे. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो.

तेव्हा शहरातले परवानेवाले हौशी लोक शिकारीला येत. असाच एक पाहुणा जीप घेऊन आला. त्याच्याजवळ 315 ची रायफल होती. गावातल्या कोणाच्या तरी ओळखीनं आमच्या वावरात डुकरं उतरतात हे त्याला कळलेलं. आज्यानं चहा पाजला, वाट दाखवली, आणि कोपऱ्यातलं एक दुबेळकं पुढे केलं. पाहुणा हसला. म्हणाला, "आजोबा, ही रायफल आहे. हिला काठी लागत नाही." आज्यानं काठी परत कोपऱ्यात ठेवली. आग्रह केला नाही.

जीपच्या उजेडात हरभऱ्यात एक मोठा नर सापडला. पाहुण्यानं जीपच्या टपावर हात टेकून बार काढला. इंजिन चालूच होतं, उजेडासाठी. म्हणजे ज्याला तो टेका समजला ती वस्तू स्वतःच थरथरत होती. डुक्कर बसलं, उठलं आणि शेजारच्या तुरीत घुसलं. तूर माणूस बुडेल एवढी वाढलेली. पाहुण्यानं घड्याळ पाहिलं. सकाळी त्याला काम होतं. जीप गेली.

सकाळी आजा आणि सालदार रक्ताचा माग काढत निघाले. त्यांची शिकार नव्हती ती, तरी निघाले. त्या तुरीत दुसऱ्या दिवशी बाया शेंगा तोडायला येणार होत्या. सालदार पुढे, माग पाहायला तोच चांगला. वावराच्या मध्यावर डुक्कर समोरून आलं. आम्हा पोरांना बांधावर उभं केलं होतं. आम्ही फक्त तुरीचे शेंडे हलताना पाहिले आणि सालदाराची किंकाळी ऐकली. मग बार. आज्यानं तो तीन पावलांवरून, हातातल्या हातात काढला. आयुष्यातला टेक्याविना त्याचा तो एकच बार.

सालदाराची मांडी गुडघ्याच्या वर वीतभर उसवली होती. धोतरानं बांधून बैलगाडीतून नेलं. टाके पडले, सुया झाल्या. दोन महिन्यांनी तो उठला, पण पाय पुन्हा सरळ झाला नाही. तेव्हा आज्यानं कोपऱ्यातली सगळ्यांत उंच तिवसाची काठी घेतली, तिच्या फाट्यात सरकी भरलेली कापडी उशी शिवून बसवली, बूड तासून बोथट केलं आणि त्याच्या काखेत दिली. उंची बरोबर आली. त्या काठीवर तो पुढं वीस वर्षं चालला. आमच्याकडं सहाच उरली.

पाहुण्यानं कोणाच्या तरी हातून पन्नास रुपये पाठवले होते. आजा परत करणार होता. सालदार म्हणाला, "मालक, माणूस खोटा आसन, नोटीले काय झालं?" आणि ठेवून घेतले. पन्नास रुपये तेव्हा लहान रक्कम नव्हती.

1972 साली दुष्काळ आला आणि त्याच वर्षी वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. जीपवाले पाहुणे बंद झाले. त्याचं वाईट कोणाला वाटलं असेल तर मला माहीत नाही, आमच्या घरात नाही वाटलं. आजा 1978 ला गेला. बंदूक बापाच्या नावावर झाली, पण प्रत्येक निवडणुकीला ठाण्यात जमा करा, परत आणा, नूतनीकरण करा, या येरझाऱ्यांना कंटाळून त्यानं ती कायमची जमा करून टाकली. काठ्या घरात राहिल्या. एक वेलीला गेली, एक न्हाणीच्या पडदीला. उरलेल्यांचं काय झालं ते बायकांना ठाऊक.

डुकरं मात्र वाढली. ज्वारी गेली, सोयाबीन आणि मका आला, त्यांना तोही आवडला. आता संध्याकाळी आमच्या शिवारात पाहा, वावराभोवती रंगीबेरंगी जुन्या साड्या बांधलेल्या दिसतील, तारेला काचेच्या बाटल्या टांगलेल्या, कुठं झटका मशीनची टिकटिक. दोन रात्री जनावर भितं, तिसऱ्या रात्री साडीखालून येतं. 2015 साली शासनानं पिकांचं नुकसान करणारी रानडुकरं आणि रोही मारायला परवानगी देण्याचे अधिकार वनक्षेत्रपालांना दिले. पण परवानगी कागदावर असते आणि बंदूक कोणाकडे असते? मारलेलं जनावर सरकारजमा. पूर्वी गावभर वाटा जायचा. आता वाट्याची आशा नाही, म्हणजे हाकाऱ्याला माणूसही येत नाही.

माझ्या चुलत पुतण्याकडे बापाच्या मागं मिळालेली बाराबोर आहे. गेल्या वर्षी त्याला तशी परवानगी मिळाली. तो मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. "काका, हे पाहा. याच्यातला कोनता स्टँड घेऊ?" एका पायाचा, दोन पायांचा, तीन पायांचा, ॲल्युमिनियमचे, लहानमोठे होणारे. मी चश्मा लावून सगळे पाहिले. मला मजा वाटली. आज्याची ओसरीच त्या काचेत उभी होती.

मी त्याला जे सांगितलं ते असं. एका पायाची काठी वर-खाली हलणं थांबवते, डावं-उजवं थांबवत नाही. दोन पाय डावं-उजवं थांबवतात, पुढे-मागे तूच तोल धरायचा. तीन पाय सगळंच थांबवतात, पण मांडायला वेळ लागतो आणि धातू एकमेकाला लागून खणखणतो. डुकराची नजर मंद, कान नाही. नळीलाच जोडलेले ठेंगणे पाय तर घेऊच नकोस, त्यांना लागून पालथं झोपावं लागतं आणि मक्यात पालथं झोपून मक्याची मुळं दिसतात. बाराबोरनं तीस पावलांच्या पलीकडं मारायचंच नाही, मग दोन पाय पुष्कळ झाले.

त्यानं विचारलं, ऑलिम्पिकवाला स्वप्निल कुसळे तर काहीच लावत नाही? कोल्हापूर जिल्ह्यातल्या या पोरानं 2024 च्या पॅरिसमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्य मिळवलं तेव्हा आमच्या गावातही मोबाइलवर सगळ्यांनी पाहिलं होतं. मी म्हणालो, नीट पाहा. गुडघ्यावर बसतो तेव्हा त्याचा गुडघाच त्याचा टेका असतो. आणि कोपराचं हाड गुडघ्याच्या वाटीवर ठेवायचं नसतं, हाडावर हाड घसरतं. कोपर जरा पुढे सरकवून दंडाचं मांस गुडघ्याला लावायचं. हे आजाही सांगायचा. शिवाय त्याच्यासमोर कागद असतो, कागद जखमी होऊन तुरीत घुसत नाही.

पैसे घालण्याआधी लाकडाची काठी करून पाहू, असं ठरलं. डोंगरात जाता येत नाही. अंबाबरवा 1997 पासून अभयारण्य आहे, तिथली काडीही तोडायची नाही. आमच्याच बांधावरच्या बोरीला एक फाटा सापडला, आज्याच्या दोन बोटांएवढा. काटे काढताना पुतण्याचे हात रक्ताळले. जुनी पँट फाडून पट्टी गुंडाळली. माळ्यापुढचा वेगळा खांबही मी रोवून घेतला आणि फटीतून काठी फिरवून पाहिली.

तीन रात्री काही आलं नाही. चौथ्या रात्री दीडच्या सुमाराला पाच-सहा डुकरं उतरली. पुतण्या माळ्यावर होता, बॅटरी नळीला बांधलेली. पण ती आली पूर्वेच्या धुऱ्यानं, खांबाच्या फाट्याला पाठ करून. तिकडे वळायचं तर टेका सुटत होता, आणि डुकरांच्या पलीकडे शेजाऱ्याची पंपाची खोली, तिथं शेजाऱ्याचं पोरगं झोपलेलं. त्यानं बंदूक खाली ठेवली आणि डबा वाजवला.

सकाळी सहालाच तो दारात उभा. "काका, बार नाही काढला."

मक्याचे सहा तास आडवे झाले आहेत. वनरक्षक पंचनाम्याला गुरुवारी येतो म्हणाला आहे. तोवर पूर्वेकडे दुसरा खांब रोवायचा.